भाडेपट्ट्यावरचं गाव

न्यू जर्सीच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या ओशन ग्रोव्ह गावात घर विकत घेता येतं, घराखालची जमीन मात्र घेता येत नाही. ती ओशन ग्रोव्ह कॅम्प मीटिंग असोसिएशन या मेथडिस्ट संस्थेच्या मालकीची आहे. घर घेणाऱ्याला मिळतो तो नव्याण्णव वर्षांचा, पुन्हा वाढवता येणारा भाडेपट्टा. जुन्या पट्ट्यांत जमिनीचं भाडं वर्षाला साडेदहा डॉलर ठरलेलं होतं. घरांच्या किमती आता लाखो डॉलरांत गेल्या, जमिनीचा मालक तोच राहिला. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा माझ्यासोबत असलेला डोंबिवलीचा मित्र लगेच म्हणाला, “म्हणजे आपल्याकडची कलेक्टरची जमीन!” तो गमतीत बोलला होता, पण या गावाचा सगळा इतिहास आणि सगळी भांडणं त्या एका गोष्टीतून निघालेली आहेत.

एडिसन-इझलिनच्या बाजूला राहणारी मराठी मंडळी उन्हाळ्यात समुद्रावर जायचं म्हटलं की गार्डन स्टेट पार्कवे धरतात. बहुतेकांना ॲस्बरी पार्क माहीत असतं. ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या 1973 मधल्या पहिल्या अल्बमच्या नावातच ते गाव आहे. त्याच्या दक्षिणेला वेस्ली लेक नावाचं चिंचोळं तळं लागतं. तळ्यावरचा पादचारी पूल ओलांडला की गाण्याबजावण्याचं, बारचं शहर संपतं आणि लाकडी सज्ज्यांचं, दारू न विकणारं ओशन ग्रोव्ह सुरू होतं. क्षेत्रफळ अर्धा चौरस मैलही नाही, वस्ती तीन हजारांच्या आसपास. उत्तरेला वेस्ली लेक, दक्षिणेला फ्लेचर लेक, पूर्वेला अटलांटिक. आत येण्याचे रस्ते अडवायला पश्चिमेची एकच बाजू उरते, आणि ती खरोखरच अडवली जायची. पण ते पुढे.

अमेरिकेतल्या मेथडिस्टांना रानात तंबू ठोकून आठ-दहा दिवस प्रार्थना, प्रवचनं आणि भजनं करण्याची सवय एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची. यादवी युद्धानंतर तिला नवा जोर आला. 1867 मध्ये न्यू जर्सीतच व्हाइनलँडला मोठी कॅम्प मीटिंग भरली. त्यातले एक धर्मोपदेशक, विल्यम ऑस्बर्न, मग किनाऱ्यावर कायमची जागा शोधत फिरू लागले. ओशन ग्रोव्ह त्यांनी का निवडलं याची कारणं मोठी व्यवहारी सांगितली जातात: उंच किनारा, दाट झाडी आणि डासांचा अभाव. जर्सीच्या किनाऱ्यावर ज्यांनी जुलैतली संध्याकाळ काढली आहे त्यांना या तिसऱ्या कारणाचं वजन लगेच कळेल. 31 जुलै 1869 च्या रात्री वीसेक माणसं एका तंबूत मेणबत्त्या लावून प्रार्थनेला बसली. ऑस्बर्न यांच्याबरोबर एलवुड स्टोक्स हे दुसरे धर्मोपदेशक होते. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीच्या विधिमंडळाने संस्थेला सनद दिली आणि त्या सनदेने तिला जवळजवळ नगरपालिकेचेच अधिकार दिले.

तंबूंची ही रीत त्याच सुमारास आपल्याकडेही आली. अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर 1871 मध्ये मुंबईत आले. पुढे लोणावळ्याला अशा कॅम्प मीटिंग भरू लागल्या. 1890 च्या दशकात पंडिता रमाबाई आपल्याकडच्या मुलींना घेऊन तिथे गेल्या होत्या आणि त्याविषयी त्यांनी लिहूनही ठेवलं आहे.

ओशन ग्रोव्हमध्ये पहिले प्लॉट घेणाऱ्यांत जेम्स ब्रॅडली हा न्यूयॉर्कचा ब्रश कारखानदार होता. त्याला जागा इतकी आवडली की तळ्यापलीकडची पाचशे एकर जमीन त्याने स्वतःच घेऊन टाकली आणि 1871 मध्ये ॲस्बरी पार्क वसवलं. नाव दिलं तेही मेथडिस्ट बिशप फ्रान्सिस ॲस्बरी यांचं. म्हणजे तळ्याच्या दोन्ही काठांचं मूळ एकच. एका काठावर जमीन विकली गेली, दुसऱ्या काठावर ती पट्ट्याने दिली गेली.

प्लॉट साधारण तीस फूट रुंद आणि साठ फूट लांब. मुळात ते तंबूंसाठीच आखलेले, म्हणून आजची घरं एकमेकांना इतकी खेटून आहेत की शेजारच्या स्वयंपाकघरातला कुकर (असलाच तर) ऐकू यावा. पण आखणी करणाऱ्याने एक फार शहाणपणाचं काम केलं. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यांवर शेवटच्या टप्प्यात प्रत्येक घर आधीच्यापेक्षा थोडं मागे सरकवलं. रस्ता समुद्राकडे रुंदावत जातो. त्यामुळे वारा आत खोलवर येतो आणि मागच्या घराच्या ओट्यावर बसूनही लाटा दिसतात. समोरच्याने आपला समुद्र अडवू नये ही तरतूद 1870 च्या दशकात कागदावर केलेली आहे. आपल्या कोणत्याही समुद्रकाठच्या शहराचा विकास आराखडा आठवून पाहा.

गावाच्या मध्यभागी आजही 114 तंबू लागतात. एकेकाळी ते सहाशेच्या घरात होते. पुढचा भाग कॅनव्हासचा, त्याला पट्ट्यापट्ट्यांची कनात आणि छोटा ओटा, मागे लाकडी खोली, तिच्यात स्वयंपाक आणि न्हाणीघर. मे महिन्याच्या मध्याला कॅनव्हास चढतो, सप्टेंबरच्या मध्याला उतरतो आणि हिवाळाभर मागच्या खोलीत गुंडाळून राहतो. बरेच तंबू पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबाकडे आहेत. नव्याने नाव घालणाऱ्याला दहा-दहा वर्षं थांबावं लागतं. एका ओट्यावर बसलेल्या आजींशी मी बोलत उभा राहिलो होतो. खासगीपणाचं काय करता, असं विचारलं. त्या म्हणाल्या, “इथे शिंक आली तर आशीर्वाद दोन तंबूंपलीकडून येतो.”

तंबूंना लागूनच आहे ग्रेट ऑडिटोरियम. 1894 मध्ये बांधलेला हा लाकडी मंडप आज सहा हजारांवर माणसं बसवतो. छत तोलणाऱ्या लोखंडी कमानी पुलांसारख्या जुळवलेल्या आहेत, त्यामुळे मध्ये खांबांची गर्दी नाही. मोठी दारं सताड उघडली की समुद्राचा वारा थेट आत. 1908 मध्ये रॉबर्ट होप-जोन्स यांनी बांधलेला ऑर्गन इथे बसवला. पुढे तो वाढवत नेला आणि तो अजून वाजतो. राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली आणि थिओडोर रूझवेल्ट इथून बोलून गेले. वुडी ॲलनच्या ‘स्टारडस्ट मेमरीज’ या 1980 च्या सिनेमातलं हॉटेल म्हणजे बाहेरून हीच इमारत.

आता ती अडवणूक. शनिवारी मध्यरात्रीच्या आत सगळ्या मोटारी गावाबाहेर न्यायच्या, वेशीवर साखळ्या लागायच्या आणि रविवारभर रस्त्यांवर एकही चाक फिरायचं नाही. पोहणं बंद, सायकल बंद, दुकानं बंद. हा नियम शंभराहून अधिक वर्षं चालला. जुने रहिवासी अजून सांगतात की मुलांना रस्त्याच्या मधोमध चालता येणारा तो एकच दिवस असायचा. त्यांचा सूर तक्रारीचा नसतो, हे इथे नोंदवायला हवं.

पण संस्थेकडे पोलीस होते, न्यायालय होतं, कायदे करण्याचा अधिकार होता, आणि संस्थेचे विश्वस्त मतदान करून निवडलेले नव्हते. 1920 मध्ये रहिवाशांनी स्वतंत्र नगरपालिका मिळवली. पुढच्याच वर्षी ती न्यायालयात रद्द झाली. पुढे 1970 च्या दशकात आधी रविवारी वर्तमानपत्र वाटण्यावरून वाद न्यायालयात गेला, मग दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल गावच्या न्यायालयाने दोषी ठरवलेल्या एकाने शिक्षेला आव्हान दिलं. 1979 मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: धार्मिक संस्थेला सरकारी अधिकार देणं राज्यघटनेत बसत नाही. कारभार, गाव ज्या हद्दीत येतं त्या नेपच्यून टाउनशिपकडे गेला आणि साखळ्या गेल्या. दारूबंदीच्या गावाचं राज्य एका मद्यपी चालकाच्या खटल्याने जावं, हा योग कादंबरीत कुणी लिहिला असता तर संपादकाने कापला असता.

तोवर गावाला उतरती कळा लागलेली होती. जुन्या हॉटेलांत स्वस्त खोल्या झाल्या, मनोरुग्णालयांतून सोडलेली माणसं तिथे ठेवली जाऊ लागली. पैसा नव्हता म्हणून घरं पडीक राहिली, आणि पैसा नव्हता म्हणूनच ती पाडून नवी बांधली गेली नाहीत. 1990 नंतर ही घरं ज्यांनी निगुतीने दुरुस्त केली त्यांत समलिंगी जोडपी मोठ्या संख्येने होती. 2007 मध्ये अशाच एका जोडप्याने समुद्रकाठच्या मंडपात आपल्या नागरी बंधनाच्या (सिव्हिल युनियनच्या) समारंभासाठी जागा मागितली. संस्थेने नकार दिला. सार्वजनिक वापरासाठी म्हणून त्या जागेवर करमाफी घेतलेली होती. राज्याने मंडपापुरती ती काढून घेतली आणि 2012 मध्ये प्रशासकीय न्यायाधीशांनी हा भेदभाव असल्याचं ठरवलं.

त्याच वर्षी सँडी वादळाने किनाऱ्यावरची लाकडी पायवाट उखडली. ती खासगी मालकीची म्हणून केंद्र सरकारने आधी मदत नाकारली. ती सर्वांना खुली आहे, असं संस्थेने पटवून दिल्यावर नंतर मदत मिळाली. रविवारी सकाळी मात्र किनारा बंदच ठेवला जाई. 2023 मध्ये राज्याच्या पर्यावरण खात्याने त्यावर नोटीस काढली आणि 2024 च्या उन्हाळ्यात रविवार सकाळही खुली झाली.

संस्थेची बाजू मला अर्धी पटते. जमीन एका हातात राहिली म्हणून इथे समुद्रापुढे टॉवर उभे राहिले नाहीत. तळ्यापलीकडे ते उभे राहत आहेत. पण करमाफी घेताना आणि वादळाची मदत मागताना सार्वजनिक, आणि मंडप कुणाला द्यायचा हे ठरवताना खासगी, हे चालणार नाही. राज्याने ते चालू दिलं नाही, हे बरंच झालं.

जायचं असेल तर जून ते ऑगस्टमध्ये जा. तेव्हा तंबू लागलेले असतात आणि ऑर्गनच्या मोफत मैफलीही असतात. न्यूयॉर्ककडून येणाऱ्यांनी नॉर्थ जर्सी कोस्ट लाइनची गाडी पकडून ॲस्बरी पार्कला उतरावं आणि तिथून चालत यावं. तंबूंच्या गल्लीत मोबाइल पुढे करून आत डोकावू नका. तिथे माणसं राहतात आणि कॅनव्हासला कडी नसते.