एकाच कानात

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये बिघडलेला हेडफोन काउंटरवर ठेवला, की समोरचा पोरगा आधी पिनेजवळची वायर दोन बोटांत धरून वाकवतो. गिऱ्हाइकाचं 'एकच कानमा वाजस' पुरं व्हायच्या आत त्याचं निदान झालेलं असतं. वायर मधेच क्वचित तुटते. तुटते ती पिनेच्या गळ्याशी, नाहीतर कानाच्या कपात शिरते तिथे. वाकण्याचा सगळा ताण त्या अर्ध्या इंचात जमा होतो. म्हणून अख्खी वायर बदलण्याआधी दोन इंच छाटून नवी पिन घालता येते का, ते विचारावं.

*

पिन घालणं मात्र दिसतं तेवढं सोपं नाही. वायर सोलली की आत लाल, हिरव्या, तांबूस अशा अतिबारीक तारा निघतात, त्यांच्यात ओढ सोसायला घातलेला दोरा. तो रंग म्हणजे तारेवरचं इनॅमल. ते आहे तोवर टाका धरत नाही, कथील घरंगळून जातं. मग 'ही वायर सोल्डरच होत नाही' म्हणून हेडफोन परत मिळतो.

खानदेशात तारेवरचं इनॅमल ज्याला पाठ असतं तो म्हणजे मोटार भरणारा. विहिरीवरची मोनोब्लॉक जळाली की शेतकरी ज्याच्याकडे धावतो, तोच. तो ब्लेडने तार खरवडतो आणि मगच जोड देतो. हेडफोनच्या तारेवर ब्लेड चालवलं तर तारच तुटेल. पण तिचं इनॅमल बहुधा पॉलियुरेथेनचं असतं. चारशे अंशांच्या आसपास तापलेल्या कथलाच्या थेंबात ते जळून जातं. थोडी राळ, गरम आयर्न आणि दोन-चार सेकंद धीर, एवढं पुरतं. धूर मात्र नाकात घेऊ नये.

लाल उजवा, हिरवा किंवा निळा डावा, तांबूस कॉमन, असा साधारण रिवाज. माइक असला तर आणखी एक तार. रिवाज सगळ्या कंपन्या पाळतातच असं नाही. दीड व्होल्टचा सेल तारांना क्षणभर लावावा. 'टक्' ज्या कानात वाजेल तो कान त्या तारेचा.

*

अख्खी वायर बदलायचीच ठरली, तर आता चांदीची वायर. जळगाव सराफांचं गाव. इथे शुद्धतेची भाषा शेंबड्या पोरालाही कळते. मागणीप्रमाणे वायरी बनवणारे कस्टम केबलवाले तीच भाषा बोलतात: चार नऊ, सहा नऊ, म्हणजे 99.99 टक्के, 99.9999 टक्के. दागिन्यात त्याला मोल आहे, कारण धातू मोडीत काढता येतो. वायरीत काय मिळतं? तांब्याची रोधकता 1.68 मायक्रोओहम-सेंटिमीटर, चांदीची 1.59. फरक सहा टक्क्यांच्या आत. तेवढी जाड तांब्याची तार घेतली की हिशेब मिटला. साध्या विजेच्या तांब्याची वाहकता 100 धरली तर ऑक्सिजनमुक्त तांब्याची 101 च्या आसपास.

आणि सोनं? त्याची रोधकता 2.2 च्या वर, म्हणजे तांब्यापेक्षा ते कमी वाहक. सोन्याच्या गावात हे सांगायला जरा धीर लागतो. पिनेवर मुलामा देतात तो सोनं काळं पडत नाही म्हणून.

*

आकड्यांत बघू. सव्वा मीटर तांब्याची वायर, 26 गेज. जाऊन-येऊन रोध सुमारे एक तृतीयांश ओहम. 32 ओहमच्या हेडफोनला यामुळे आवाज घटतो तो डेसिबलच्या दहाव्या भागाहून कमी. तांब्याच्या जागी चांदी घातली तर त्यातलाही जेमतेम सहा टक्के भाग परत मिळेल. विकणारे सांगतात तो 'रेशमी' आणि 'उजळ' आवाज एवढ्यातून काढायचा म्हणजे कमाल आहे.

एक अपवाद खरा. कानात खोल बसणारे, अनेक ड्रायव्हरचे महागडे इअरफोन असतात. काहींचा रोध ठरावीक सुरांपाशी दोन-तीन ओहमपर्यंत उतरतो. तिथे वायरीतला अर्धा ओहमही स्वर बदलू शकतो. पण हे काम रोधाचं, धातूच्या कुळाचं नव्हे. चिल्लर किमतीचा रेझिस्टरही तेच करील.

*

आता आवरण. मे महिना. पारा 45 च्या वर, हेडफोन गाडीच्या डॅशबोर्डवर. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून घातलेलं तेलकट द्रव्य उष्णतेत बाहेर येतं; वायर आधी चिकट, मग ताठ होते. पारदर्शक आवरण असेल तर आतलं तांबं हिरवं पडताना दिसतं, घामाने आणखी लवकर. देखणी पारदर्शक, वेणीसारखी गुंफलेली वायर विकत घेणाऱ्याने खानदेशचा उन्हाळा हिशेबात धरावा.

*

अहिराणी गाण्यांचे घरगुती स्टुडिओ आता धुळे-जळगावकडे नवलाचे राहिले नाहीत. गाणारा माइकपुढून उठतो, कानावरचा हेडफोन विसरतो, आणि वायर मुळाशी ओढली जाते. सोनीचा एमडीआर-7506 1991 पासून स्टुडिओंत आहे; त्याची गुंडाळी वायर कपातच पक्की. ऑडिओ-टेक्निकाचा एम50 तसाच होता. 2014 च्या एम50एक्समध्ये वायर सुटी झाली आणि डब्यात तीन वायरी आल्या. सेनहायझरच्या एचडी 600 ला तर ती 1997 पासूनच सुटी आहे. स्टुडिओसाठी घेताना मी आधी हेच बघेन. पक्की वायर तुटलीच, तर कपाला भोक पाडून सॉकेट बसवणारा कारागीर शोधावा. पैसे तिथे घालावेत.

*

कस्टम वायर घेण्यासारखी कधी? डब्यातली तोकडी किंवा फार लांब असेल तेव्हा. शर्टावर घासून कानात खरखर करत असेल तेव्हा. मऊ, लवचिक वायरीने ती घटते. प्लेअरला 4.4 मिलिमीटरचं बॅलन्स्ड तोंड असेल तेव्हाही. हे तोंड जपानी मानकातलं. दोन्ही कानांची परतीची तार त्यात वेगळी असते आणि बऱ्याच प्लेअरमधून तिथे जोरही जास्त मिळतो. आवाज वाढतो तो त्या जोरामुळे. श्रेय वायरीला जातं. फोन खिशात ठेवणाऱ्याने काटकोनी पिन मागावी, टेबलावर ऐकणाऱ्याने सरळ. आणि पिनेच्या मागे स्प्रिंग किंवा रबरी नळी आहे ना, ते पैसे देण्याआधी बघून घ्यावं.