डीफॉल्ट: चालू

सोमवार ते शुक्रवार ट्रू-फॉल्सशी खेळणाऱ्या आमच्यासारख्यांना विजेरीच्या बटणाचं काय ते कौतुक? चालू नाहीतर बंद, संपलं! पण जयगडला, शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथे, माझे मामा मासेमारीला जातात आणि त्यांची वॉटरप्रूफ 'बॅटरी' एक सीझनही पुरत नाही. उघडली की दरवेळी तेच. काच शाबूत, झाकणाचं रबर शाबूत, पाणी शिरलंय बटणातून. बटण हलणार म्हणजे भोक आलंच. त्यावरचं रबर उन्हाने तडकलं की खारं पाणी आत आणि पितळी पट्ट्यांवर हिरवा थर.

मग भोकच नको! त्यासाठी रीड स्विच आहे. बेल लॅब्जच्या वॉल्टर एलवुडने १९३६ साली शोधलेला. काचेच्या बारीक नळीत दोन पट्ट्या. लोहचुंबक जवळ आणला की चिकटतात, नेला की सुटतात. प्लास्टिकमधून चुंबकाचा प्रभाव आत पोचतो, पाणी नाही.

पण जाळं ओढताना चुंबक धरून कोण बसणार? म्हणून टॉगल हवं: एकदा फिरवला की चालू, पुन्हा फिरवला की बंद. सीडी ४०१३ या चिपमधला फ्लिप-फ्लॉप हे काम करतो. त्याचं उलटं आउटपुट त्याच्याच डी पिनला जोडायचं, की क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला अवस्था पालटते. पट्ट्या चिकटताना थरथरतात, त्यामुळे एकाऐवजी चार ठोके जाऊ शकतात. म्हणून मधे १०० किलोओहम, ०.१ मायक्रोफॅरड (म्हणजे १० मिलिसेकंदांचा दम) आणि एक श्मिट ट्रिगर. आउटपुटवर मॉस्फेट, तो एलईडी चालवतो. चिपला ३ ते १५ व्होल्ट चालतात, तीन सेलचे साडेचार पुरतात.

इथवर सगळं पुस्तकी. खरा प्रश्न पुढे आहे. होडीत बॅटरी आपटली, सेल क्षणभर सुटले, तर फ्लिप-फ्लॉप आधीची अवस्था विसरू शकतो. वीज परत आल्यावर त्याने काय व्हावं? नेहमीची पद्धत रीसेटची, म्हणजे बंद. मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "पेटत रायली तर सेल फुकट जातील, बास. इझली तर मी काळोखात काय शोधू, बॅटरी की दोर?"

झालं, रिक्वायरमेंट मिळाली! कपॅसिटर-रेझिस्टरची तीच जोडी रीसेटऐवजी सेट पिनला लावायची. वीज आली की दिवा लागणार. नवे सेल घातल्यावर आपोआप चाचणीही होते. तोटा एकच: बंद बॅटरी पेटीत आपटली तर आतल्या आत पेटून बसेल. तो पत्करायचा.

एक मात्र काटेकोर पाळायचं. चुंबक दोरीने बॅटरीलाच बांधायचा आणि दोन्ही होकायंत्रापासून लांब ठेवायचे. नाहीतर उजेड भरपूर आणि उत्तर भलतीकडे.