टाक्यांतून येणारं पाणी

नडगीच्या आतल्या बाजूला कातडी आणि हाड यांच्यात मांस जवळजवळ नसतंच. म्हणून मोटारसायकलच्या अपघातात मोडलेल्या नडगीला प्लेट बसवली, की एक्स-रेइतकंच माझं लक्ष टाक्यांकडे असतं. आठवडा उलटूनही ते झिरपत असले, तर घरचे म्हणतात, "तूरडाळ खाल्ली, म्हणून पिकलं." डाळीचा दोष नाही, जखम भरायला प्रथिनं लागतातच.

खरी अडचण परक्या वस्तूची. १९५७ साली एलेक आणि कोनेन या संशोधकांनी स्वयंसेवकांच्या कातडीत स्टॅफिलोकोकस जंतू टोचून पाहिले. नुसते टोचले तर पू व्हायला लाखो जंतू लागत. रेशमी टाका सोबत असला तर काहीशे पुरत. मग प्लेटचं काय सांगावं! जंतू तिला चिकटतात, स्वतःभोवती बुळबुळीत थर धरतात आणि त्या थराआड औषधाला दाद देत नाहीत. गोळ्यांनी पाणी थांबतं, थर राहतो.

तो पुन्हा ऑपरेशन करून हातानेच काढावा लागतो. मांडीला रक्त अडवणारा पट्टा बांधतो, पण फुगवत नाही. काय जिवंत आहे ते मला रक्तच सांगतं. चिमट्यात धरल्यावर आकसत नाही ते मांस मेलेलं. हाड छिनीने तासत जातो. पांढरं, कोरडं लागतं तोवर थांबत नाही. त्यावर रक्ताचे बारीक ठिपके उमटले की हात थांबतो. इथे दया दाखवणारा सर्जन रुग्णाला पुन्हा टेबलावर आणतो, असं माझं स्पष्ट मत आहे. तपासणीला वरचा पू पाठवून भागत नाही. खोलवरचे किमान पाच तुकडे घ्यायचे, प्रत्येकासाठी वेगळं हत्यार. मग सलाइनने धुणं, लिटरच्या लिटर, पण हळू धारेने.

"ते लोखंडच काढून टाका ना, डॉक्टर," नातेवाईक काकुळतीला येतात. त्यांची तगमग मला कळते. पण हाड जुळलेलं नसेल, स्क्रू घट्ट असतील आणि संसर्ग ताजा असेल, तर प्लेट ठेवण्याकडेच माझा कल असतो. हलणाऱ्या हाडात जंतू अधिक माजतात. प्लेट सैल झाली असेल तर मात्र ती काढून बाहेरून रॉडचा सांगाडा लावतो.

पुढे कित्येक आठवडे औषधं. त्यात रिफाम्पिसिन दिसलं की घर हादरतं, "टीबी झाला का?" नाही. स्टॅफिलोकोकसच्या थरावर ते चांगलं चालतं, पण जोडीला दुसरं औषध हवंच; एकटं दिलं तर जंतू लवकर निर्ढावतात.

म्हणून विनंती एवढीच : ऑपरेशनच्या जखमेतून आठवड्यानंतरही पाणी येत असेल, तर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून घेऊ नका. त्याने जंतू तपासणीत सापडत नाही आणि मोलाचे दिवस जातात. ज्यांनी प्लेट घातली, त्यांना त्याच दिवशी जखम उघडून दाखवा.