चार बदामांवर चार इस्पिक

विरार लोकलमधल्या पत्त्यांच्या डावांहून ब्रिज वेगळे. येथे पहिले पान पडण्यापूर्वीच बोलीत अर्धा हिशेब ठरतो. प्रतिपक्षाने ‘चार बदाम’ म्हटल्यावर ‘चार इस्पिक’ म्हणावे काय? वसईच्या व्यापाऱ्याला हा प्रश्न परका नाही: मोठा तोटा टाळण्यासाठी लहान तोटा पत्करावा काय? प्रतिपक्ष ‘व्हल्नरेबल’, म्हणजे वाढीव दराचा, असेल आणि त्याची बोली पुरी झाली, तर त्याला ६२० गुण मिळतात. आपण तसे नसू, तर डबल होऊन दोन दस्त कमी पडले तरी ३००च जातात. आपणही व्हल्नरेबल असू, तर तेच ५००. तिसरा दस्त हुकला की ८००.

फ्रान्सच्या झाँ-रने व्हेर्न यांच्या सिद्धान्तातून निघालेला आडाखा असा: जोडीकडे हुकमाची जितकी पाने, तितक्याच दस्तांपर्यंत बोलावे. दहा इस्पिके असल्यास चार, नऊ असल्यास तीन. प्रतिपक्ष पुढे ‘पाच बदाम’ म्हणाला, तर त्याला खेळू द्यावे. ईर्ष्येपोटी पुन्हा चढणारी बोली बहुधा महागात पडते.