आईचा मोगरा आणि चमचाभर स्फुरद

डोंबिवलीत फ्लॅट किती मोठा, असं विचारलं तर लोक कार्पेट एरिया सांगतात आणि मग हळूच खिडकीचं ग्रिलही त्यात धरतात. धरणारच! वन-बीएचकेमधली तेवढीच जागा आपली स्वतःची वाटते. तिथे तुळस, कोरफड, ओवा, एखादा गुलाब आणि कुणीतरी बर्थडेला दिलेला मनी प्लांट दाटीवाटीने उभे असतात. बदलापूरपासून घोडबंदर रोडपर्यंत तेच चित्र. फरक इतकाच, की ठाण्याच्या टॉवरमध्ये ग्रिलला ‘डेक’ म्हणतात.

या सगळ्या कुंड्यांमध्ये एक झाड हमखास असतं, जे मरत नाही आणि वाढतही नाही. पानं हिरवीगार, कीड नाही, पाणी वेळेवर. पण वर्षापूर्वी जेवढं होतं तेवढंच आज. फूल नाही, फळ नाही. आपण त्याला रोज बघतो आणि रोज विसरतो. आमच्या घरी हे झाड म्हणजे आईचा मोगरा.

आमचं जुनं घर डोंबिवली पूर्वेला, तळमजल्यावर. मागच्या बाजूला कंपाउंडपर्यंत सात-आठ फुटांची मातीची पट्टी होती आणि तिथे आईने वीसेक वर्षं मोगरा वाढवला. एप्रिल-मेमध्ये अख्ख्या बिल्डिंगच्या बायकांना गजरे पुरायचे. मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही भाड्याने घोडबंदर रोडला अकराव्या मजल्यावर आलो. व्ह्यू झक्कास, लिफ्ट तीन, सिक्युरिटीवाला सलाम ठोकतो. माझ्यासारख्या घरून काम करणाऱ्या फ्रीलान्सरला आणखी काय हवं? आईने येताना मोगऱ्याची दोन कलमं आणली आणि नर्सरीतून लाल माती, कोकोपीट आणून मोठ्या कुंडीत लावली.

पहिला उन्हाळा गेला, कळी नाही. दुसरा गेला, तरी नाही. पानं बारीक, काळपट हिरवी, आणि फांद्या काडीसारख्या. आई सुरुवातीला म्हणायची, “रुजायला वेळ लागतो गं.” नंतर म्हणायला लागली, “या जागेत काही लागत नाही.” हे वाक्य ती कुंडीकडे बघून म्हणायची, पण ते कुंडीबद्दल नव्हतं. डोंबिवलीत भाजी आणायला गेलेली आई दीड तासाने परत यायची, कारण रस्त्यात चार जणी भेटायच्या. इथे ती पंधरा मिनिटांत परत येत होती.

आईला मैत्रिणी मिळवून देणं माझ्या हातात नव्हतं. मोगऱ्याचं काय बिनसलंय ते शोधणं मात्र होतं. पत्रकारितेच्या डिग्रीचा तेवढा तरी उपयोग व्हावा!

खालचं पान उलटून बघा

जो भेटेल त्याला विचारलं, आणि जितकी माणसं तितके इलाज. केळ्याची सालं घाल. चहाचा चोथा घाल. एप्सम सॉल्ट घाल. एका नर्सरीत तर झाड न बघताच कीडनाशकाची बाटली पुढे आली. गंमत म्हणजे यातल्या प्रत्येक गोष्टीत काही ना काही आहे. केळ्याच्या सालीत पोटॅशियम असतं, चहाच्या चोथ्यात थोडा नायट्रोजन, एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम. पण डोकं दुखतंय की पोट, हे कळायच्या आधी गोळी कशी घ्यायची?

शेतकऱ्यांच्या मराठीत झाडाच्या जेवणाला तीन सुंदर शब्द आहेत. नत्र, स्फुरद आणि पालाश. आपल्या भाषेत नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम. खताच्या पोत्यावर जे तीन आकडे असतात, ते याच क्रमाने. तुर्भ्याच्या आरसीएफचं ‘सुफला १५:१५:१५’ ऐकलं असेल, ते हेच.

यातलं काय कमी पडलंय हे झाड स्वतःच सांगतं, फक्त कुठलं पान बघायचं ते माहीत हवं. नत्र कमी पडलं तर खालची, जुनी पानं पिवळी पडतात. लोह कमी पडलं तर वरची कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. स्फुरद कमी पडलं तर मात्र फसगत होते, कारण पान पिवळं पडतच नाही. उलट ते जास्तच गडद, निळसर हिरवं दिसतं. लांबून बघणारा म्हणतो, वा, काय तजेला आहे! पण झाड खुरटलेलं असतं, खोड बारीक, मुळं तोकडी आणि फुलं उशिरा किंवा नाहीतच. बऱ्याच झाडांत जुन्या पानांच्या मागच्या बाजूला, देठाला आणि शिरांना जांभळट छटा येते. स्फुरदाअभावी वाढ अडते, पानात तयार झालेली साखर वापरली जात नाही आणि मग अँथोसायनिन नावाचं जांभळं रंगद्रव्य साठतं. जांभळाला आणि लाल कोबीला रंग देणारं तेच हे.

मोगऱ्याच्या पानावर हा जांभळा रंग नीट कळत नव्हता. चुगली केली ती शेजारच्या टोमॅटोने. त्याच मातीत आईने हौसेने टोमॅटोची चार रोपं लावली होती. पानं उलटली तर खालून चक्क वांगी रंग! टोमॅटो आणि मका ही याबाबतीत अगदी पारदर्शक मंडळी. त्यांना स्फुरद कमी पडलं की लगेच दिसतं.

लक्षणं आधी जुन्या पानांवर का दिसतात, हेही वाचलं. स्फुरद झाडाच्या आत फिरू शकतं. तुटवडा आला की झाड जुन्या पानांतलं स्फुरद काढून वरच्या नव्या पालवीला देतं. हे मी आईला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “म्हणजे आईच म्हण की.”

माती भरलेली, ताट रिकामं

आता खरा प्रश्न. डोंबिवलीच्या पट्टीत वीस वर्षं काहीही न घालता फुलणारा मोगरा इथेच का रुसला?

उत्तर कुंडीत होतं. कोकणपट्टीतली जांभ्या खडकापासून झालेली लाल माती दिसायला देखणी, पण स्वभावाने आम्ल. तिच्यात लोह आणि अॅल्युमिनियम भरपूर. लाल रंग लोहाचाच. हे दोघं स्फुरदाला असे घट्ट धरून ठेवतात, की माती तपासली तर स्फुरद सापडेल, पण मुळांना मिळणार नाही. बँकेत पैसे आहेत, पण अकाउंट फ्रीझ! पीएच साधारण साडेसहाच्या आसपास असला की हे कुलूप सैल होतं. फार खाली गेला की लोह-अॅल्युमिनियम अडवतात आणि फार वर गेला की चुन्यातलं कॅल्शियम. आमच्या मातीचा पीएच एका लॅबमध्ये तपासून घेतला, तो निघाला ५.४. रिपोर्टमध्ये उपलब्ध स्फुरदापुढे एकच शब्द होता, ‘कमी’.

कोकोपीट हलकं, पाणी धरून ठेवणारं, ग्रिलवर वजन न टाकणारं. पण त्यात स्फुरद फारसं नसतं. शेणखत मातीसाठी उत्तम, तरी त्यात स्फुरद ०.२ ते ०.३ टक्क्यांच्या आसपासच. जमिनीत मोगऱ्याची मुळं लांबवर हिंडून आपलं पोट भरत होती. स्फुरद मातीत जवळजवळ जागचं हलत नाही, मुळालाच त्याच्यापर्यंत चालत जावं लागतं. बारा इंची कुंडीत चालणार कुठे?

म्हणूनच जांभळी पानं दिसली की लगेच खत ओतायचं नाही. आधी मुळं ठीक आहेत का ते बघायचं. पावसाळ्यात कुंडीचं भोक बुजून पाणी साठलं, माती दगडासारखी घट्ट झाली किंवा डिसेंबर-जानेवारीत गारठा पडला, की मुळांना असलेलं स्फुरदही घेता येत नाही आणि पानं तशीच दिसतात. थंडीमुळे आलेला जांभळा रंग ऊन वाढल्यावर आपोआप जातो. मोगऱ्याच्या बाबतीत आणखी दोन प्रश्न विचारायचे. पाच-सहा तास ऊन आहे का? आणि हिवाळ्यात छाटणी झाली का? आमची बाल्कनी पश्चिमेची, ऊन भरपूर. छाटणी आईने कधी चुकवलेली नाही.

तुळशीत हाडं?

निदान झालं, पण औषधावरून घरात वाद झाला. सगळे जण सांगत होते, बोनमील घाल. हाडांचा भुगा, त्यात सुमारे वीस टक्के फॉस्फेट, हळूहळू विरघळणारा आणि आम्ल मातीत चांगला चालणारा. आईने पुडा हातात घेतला, वाचला आणि खाली ठेवला. “ही कुंडी तुळशीशेजारी आहे. हाडं येणार नाहीत.” विषय संपला.

पर्याय म्हणजे सिंगल सुपर फॉस्फेट. राखाडी रंगाचं, स्वस्त, सोळा टक्के फॉस्फेट आणि वर कॅल्शियम, गंधक. १८४२ साली इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉज यांनी सुपरफॉस्फेटचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याच्या कच्च्या मालात हाडंही होती. आता ते खाणीतल्या रॉक फॉस्फेटवर गंधकाम्ल टाकून बनतं. आईने लगेच विचारलं, “खडकात कुठून आलं?” मी शोधलं. आपल्या देशातली रॉक फॉस्फेटची मोठी खाण उदयपूरजवळ झामरकोटड्याला आहे. तिथला खडक अब्जाहून जास्त वर्षांपूर्वी उथळ समुद्रातल्या नीलहरित शेवाळाच्या थरांपासून बनलाय. शेवाळ! म्हणजे शंभर टक्के शाकाहारी. परवानगी मिळाली.

(माणसाने स्फुरद पहिल्यांदा वेगळं काढलं ते १६६९ साली हॅम्बुर्गमध्ये. हेनिग ब्रांट नावाचा किमयागार सोनं मिळवण्यासाठी मूत्र आटवत बसला होता, सोन्याऐवजी अंधारात चमकणारा पदार्थ मिळाला. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.)

पद्धत सोपी आहे. दहा-बारा इंची कुंडीला एक सपाट चहाचा चमचा सुपर फॉस्फेट, दोन मुठी चांगल्या कंपोस्टमध्ये मिसळून. नुसतं वर भुरभुरलं तर ते वरच राहतं, कारण हा गडी जागचा हलत नाही. म्हणून जुन्या पेन्सिलने कुंडीच्या कडेकडेने तीन-चार इंच खोल भोकं पाडायची आणि मिश्रण त्यात भरायचं. कंपोस्टसोबत दिल्याने लोह-अॅल्युमिनियमच्या तावडीत ते कमी सापडतं. नंतर पाणी, आणि पुन्हा दोन-तीन महिने काही नाही. स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचं कल्चर, म्हणजे पीएसबी, कृषी सेवा केंद्रात मिळतं. तेही कंपोस्टमधून देता येतं. घाई असेल तर पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ आहे, पण ते अगदी पातळ करूनच.

एक चमचा म्हणजे एकच चमचा. स्फुरद जास्त झालं तर झाडाला जस्त आणि लोह मिळेनासं होतं आणि नवी पानं पिवळी पडतात. शिवाय जास्तीचं खत वाहून कुठे जातं? कल्याणजवळ मोहोन्याला उल्हास नदीवर उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरलेला तुम्ही पाहिला असेल. तिला पोसणाऱ्या सांडपाण्यातही हेच स्फुरद आणि नत्र असतं. कुंडीत ज्याच्यासाठी झाड तरसतं, तेच नदीत अति झालं की नदीचा श्वास कोंडतो.

मग काय झालं?

जानेवारीत छाटणीनंतर खत दिलं. जुनी पानं जशी होती तशीच राहिली. ती सुधारत नाहीत, त्यांच्याकडे बघून निराश व्हायचं नसतं. नजर नव्या पालवीवर ठेवायची. तीन आठवड्यांनी जी पालवी आली ती रुंद आणि मोकळ्या हिरव्या रंगाची होती. टोमॅटोची नवी पानं खालून हिरवी निघाली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मोगऱ्याला कळ्या दिसल्या. मी मोजल्या, सतरा.

सतरा कळ्यांत बिल्डिंगला गजरे पुरत नाहीत. एकीलाही धड पुरत नाहीत. आईने त्या वाटीत पाण्यावर ठेवल्या आणि समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंची बेल वाजवली. दोन वर्षांत पहिल्यांदा. काकूंच्या ग्रिलमध्येही एक वाढ खुंटलेली जास्वंद निघाली. आई पेन्सिल घेऊन गेली ती तासाभराने परत आली.

डोंबिवलीचं घर तयार व्हायला अजून वेळ आहे. “या जागेत काही लागत नाही” हे वाक्य मात्र बरेच दिवसांत ऐकलेलं नाही.

या वीकएण्डला मॉलला जायच्या आधी पाच मिनिटं काढा. ग्रिलमधल्या त्या मुकाट, हिरव्यागार झाडाचं सगळ्यात खालचं पान उलटून बघा. कुंडीचं भोक मोकळं आहे ना, ऊन येतं ना, तेही बघा. तक्रार न करणाऱ्याला सगळं मिळतंच असं नाही.