विक्रांतचं लोखंड

उरणच्या मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला लाँचने जाण्याची मजा काही औरच! गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला घेऊन मी निघालो. लाँच सुटली आणि उजव्या हाताला घारापुरीचा डोंगर दिसू लागला.

"मामा, ही लेणी मुंबईची ना?"

"छे रे! घारापुरी आपल्या रायगड जिल्ह्यात येते."

पण स्वारीचं लक्ष भलतीकडेच होतं. आदल्या दिवशी शेजारच्या काकांनी त्याला मोटरसायकलवरून पीरवाडीच्या किनाऱ्यावर फिरवून आणलं होतं. "या टाकीत विक्रांतचं लोखंड आहे बरं का!" असं काका म्हणाले, आणि तेव्हापासून प्रश्नांचा पाऊस सुरू झाला होता.

मुलांनो, विक्रांत ही आपल्या नौदलाची पहिली विमानवाहू नौका. म्हणजे तरंगतं विमानतळच! ब्रिटनमध्ये अर्धवट राहिलेली ही नौका भारताने १९५७ साली विकत घेतली. ती पूर्ण होऊन १९६१ साली नौदलात आली. १९७१ च्या युद्धात, ४ डिसेंबरला, तिच्यावरून उडालेल्या 'सी हॉक' विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले. १९९७ साली ती निवृत्त झाली. मग २०१२ पर्यंत मुंबईत तिच्यावर संग्रहालय होतं. पण एवढ्या जुन्या जहाजाची देखभाल काही सोपी नव्हती. शेवटी ती भंगारात निघाली.

धक्का जवळ आला, तसं मी उजवीकडे बोट दाखवलं. "तो बघ, दारूखाना. जुनी जहाजं तिथेच तोडतात. विक्रांतही २०१४ साली तिथेच तोडायला घेतली."

त्यातलं काही पोलाद बजाज कंपनीने घेतलं, वितळवलं आणि २०१६ साली आणलेल्या 'व्ही' मोटरसायकलच्या टाकीसाठी वापरलं. त्याच वर्षी मुंबईच्या नौदल गोदीजवळ विक्रांतच्याच धातूपासून केलेलं स्मारकही उभं राहिलं.

भाचा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "पण मामा, वितळवल्यावर ते विक्रांतचं कसं राहील? ओळखणार कसं?"

प्रश्न अगदी बिनतोड होता! परदेशात जुन्या विमानांचा ॲल्युमिनियमचा पत्रा कापून किल्ल्यांना अडकवायच्या चकत्या करतात. हौशी लोक त्या जमवतात. पत्रा वितळवलेला नसतो, म्हणून कधीकधी विमानाचा मूळ रंगही तसाच राहतो. पोलाद वितळलं की रंग गेला, खिळे गेले, आकार गेला. नुसत्या डोळ्यांनी काहीच कळत नाही.

मी त्याला पालीच्या बल्लाळेश्वराची आठवण दिली. तिथली युरोपी बनावटीची घंटा आपण वाजवली होती ना? १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या विजयानंतर त्यांनी ती देवाला वाहिली, असं सांगतात. घंटा अजून अख्खी आहे. पण ही हकिकत कुणी सांगितलीच नसती, तर आपणही टण्‌कन वाजवून पुढे गेलो असतो!

म्हणजे आठवण नुसत्या धातूत नसते. ती कुणीतरी सांगावी लागते, आणि खरी सांगावी लागते.

संध्याकाळी परतीच्या लाँचमध्ये भाच्याने माझ्याकडून वहीचा कागद मागून घेतला. नाव, साल, दारूखाना, सगळं लिहून काढलं. उरणला पोहोचल्याबरोबर तो काकांकडे धावला. "काका, हा कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. आणि गाडी कधी विकलीत, तर हाही बरोबर द्या हं!"

काकांनी कागद दोनदा वाचला आणि जपून खिशात ठेवला.

तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेलच. तिची हकिकत आजी-आजोबांना विचारून लिहून ठेवलीत का?