बापाच्या नावाचा रकाना

कराचीतल्या मीठादर भागात ईधी केंद्राच्या दाराबाहेर एक पाळणा ठेवलेला असतो. साधाच. शेजारी सूचना असते, तिचा मतलब एवढाच की बाळाला मारू नका, इथे ठेवून जा. ठेवणारीचे नाव कोणी विचारत नाही, तिच्या मागे कोणी धावत नाही. असे पाळणे पाकिस्तानभर तीनशेच्या वर केंद्रांबाहेर ठेवले गेले आणि वीस हजारांवर अर्भके त्यांतून वाचली, असे संस्था सांगते.

हे पाळणे ठेवणारे अब्दुल सत्तार ईधी 8 जुलै 2016 च्या रात्री वारले. आपल्याकडे ईदचा दुसरा दिवस होता. दुसऱ्या दिवशी उर्दू वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर बातमी दिली. मराठी पत्रांतही ती आली, पण आतल्या पानांवर. सीमेपलीकडच्या माणसाबद्दल चांगले बोलताना आपल्याकडे मुसलमान माणूस आधी इकडेतिकडे पाहतो. मी ते टाळणार आहे. ईधींचा जन्म 1928 चा, काठियावाडातल्या बांटवा गावचा. मेमन घराण्यातला हा मुलगा फाळणीनंतर, एकोणिसाव्या वर्षी कराचीला गेला. म्हणजे माणूस मुळात आपल्या शेजारच्या गुजरातचा. आणि ज्या कामासाठी मी त्यांना आठवते आहे, त्याला कुठल्याच देशाचा शिक्का लागत नाही.

शाळा त्यांना फारशी लाभली नाही. शाळेत जाताना आई दोन पैसे द्यायची, एक स्वतःसाठी आणि एक आपल्याहून गरजू असलेल्यासाठी. संध्याकाळी दुसऱ्या पैशाचा हिशोब विचारायची. हा किस्सा इतक्यांदा छापून आला आहे की त्याची आता गोळी झाली आहे, औषधासारखी. मला त्याच आईची पुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते. तिला अर्धांगवायू झाला, मनाचा तोल गेला, आणि हा अकरा वर्षांचा मुलगा तिला न्हाऊ घालू लागला, भरवू लागला, तिची घाण काढू लागला. ती जाईपर्यंत हे चालले. पुढे आयुष्यभर बेवारस, फुगलेल्या, सडलेल्या मय्यतींना या माणसाने आपल्या हाताने गुस्ल दिले. त्याची तालीम त्या घरातच झाली होती.

कराचीत ते आधी आपल्या जमातीच्याच खैराती दवाखान्यात काम करू लागले. तिथे इलाज फक्त मेमनांचा. ईधींना ते पटले नाही, भांडण झाले, ते बाहेर पडले. 1951 मध्ये त्यांनी स्वतःचा दवाखाना काढला आणि रात्री त्याच्या दारातल्या सिमेंटच्या बाकावर झोपू लागले. 1957 मध्ये फ्लूची साथ आली तेव्हा त्यांनी तंबू ठोकले. ते काम पाहून एका व्यापाऱ्याने पैसे दिले, त्यातून जुनी गाडी घेतली, ती रुग्णवाहिका झाली. पुढे त्या दीड हजारांवर गेल्या. सरकारचा पैसा ते घेत नसत. झिया-उल-हक यांनी पाठवलेला पाच लाखांचा धनादेश त्यांनी परत केला होता. रस्त्यावर झोळी पसरून बसायला मात्र त्यांना लाज वाटत नसे.

1986 चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना एकट्याला नव्हता, पत्नी बिल्किस यांच्यासह होता. त्या परिचारिका. पाळण्यातली मुले कोणाच्या मांडीवर वाढली असतील हे सांगायला नको. असल्या फकिरीची किंमत घरातली बाई मोजत असते आणि चरित्रलेखक ती ओळीत उरकतात, असे माझे मत आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. पाळण्यातून उचललेल्या मुलाला दूध, कपडे, बिछाना देता येतो. पण ते मूल पाच-सहा वर्षांचे होऊन शाळेच्या दारात येते तेव्हा काय?

मी मराठवाड्यातल्या एका उर्दू शाळेत शिकवते. जूनमध्ये दाखले भरण्याचे काम बहुतेकदा माझ्याकडे येते. काही वर्षांपूर्वी एक बाई एका मुलीला घेऊन आली. मोहल्ल्यातलीच, विड्या वळणारी. नाव, जन्मतारीख, सगळे झाले. वालिदच्या रकान्याशी आल्यावर ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "आपा, इसके बाप का नाम मेरेकू मालूम नई. मेरेकू तो ये बच्ची दवाखाने में मिली." शेजारच्या टेबलावरून कोणीतरी एक शब्द उच्चारला. तो मी इथे लिहिणार नाही, पण आपल्या वाचकांना तो ठाऊक आहे. मुलीलाही ठाऊक असावा, कारण तिने बाईचा पदर घट्ट धरला.

दाखला झाला. कागद नाहीत म्हणून मुलाला परत पाठवू नये, असे 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. रकान्यात एक आडवी रेघ आली. पण ही रेघ तिथेच थांबत नाही. ती शिष्यवृत्तीच्या अर्जात जाते, बँकेच्या खात्यात जाते, आणि एक दिवस निकाहनाम्यापर्यंत जाईल.

ईधींना ही रेघ मान्य नव्हती. त्यांच्याकडच्या हजारो मुलांच्या कागदांवर पालक म्हणून त्यांनी स्वतःचे नाव लिहिले. यावरून त्यांच्यावर काय काय आग पाखडली गेली! पाळण्यामुळे बदफैलीला उत्तेजन मिळते, असे काही मौलवी म्हणाले. कोणी त्यांना काफिर ठरवले. ओळखपत्राचे प्रकरण त्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले आणि 2014 मध्ये आईबाप ठाऊक नसलेल्या मुलांच्या नोंदणीसाठी तिथल्या नोंदणी खात्याला नवे धोरण आणावे लागले.

नसबाचा सवाल नाजूक आहे, हे मी नाकारत नाही. पोसलेल्या मुलाला त्याच्या खऱ्या बापाच्याच नावाने ओळखावे, असा हुकूम सूरह अहजाबमध्ये आहे. आपले आलिम तो पुन्हापुन्हा सांगतात आणि बरोबरच सांगतात. पण त्याच आयतीत पुढे बाप ठाऊक नसलेल्यांचाही विचार केला आहे, त्यांना दीनी भाऊ म्हटले आहे. हा दुसरा भाग जुम्याच्या बयानात मी फारसा ऐकलेला नाही. आपल्याकडे 2014 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाश्मी यांच्या खटल्यात निकाल दिला की बाल न्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या व्यक्तीला मूल दत्तक घेता येईल, सक्ती कोणावरच नाही. मोहल्ल्यात त्यावर चर्चा झाली ती 'शरीयतमध्ये दखल' एवढीच. विड्या वळणाऱ्या बाईचे त्या चर्चेत कोणाला काम पडले नाही. तिने तर कायदा आणि फतवा दोन्ही न विचारता मुलगी वाढवली होती.

आपली जकात दरसाल निघते. मदरशांच्या पावत्या फाटतात, शिधा वाटला जातो. देणारे हात कमी नाहीत. पण देण्याआधी आपण विचारतो: कोणाचा? कुठल्या बिरादरीचा? कुठल्या मसलकचा? ईधींच्या गाडीत जखमीला घालताना हे विचारले जात नसे.

गीताची हकीकत बहुतेकांना माहीत आहे. बोलू-ऐकू न शकणारी ही मुलगी लहानपणी पाकिस्तानात एका रेल्वे स्थानकावर सापडली आणि ईधींच्या घरी वाढली. आधी तिला फातिमा म्हणत. ती हिंदू असल्याचे लक्षात आल्यावर बिल्किस यांनी तिचे नाव गीता ठेवले आणि तिच्यासाठी देवांच्या तसबिरी लावून छोटेसे देवघर करून दिले. 26 ऑक्टोबर 2015 ला ती भारतात परतली. पंतप्रधानांनी संस्थेला एक कोटीची देणगी जाहीर केली, ती ईधींकडून नम्रपणे नाकारली गेली. मग अनेक घरे आपली मुलगी म्हणून पुढे आली, कोणाचेच जुळेना. शेवटी 2021 च्या मार्चमध्ये तिची आई सापडल्याची बातमी आली, आणि ती कुठली, तर आमच्या मराठवाड्यातली, परभणीकडची! कराचीतून ती बातमी पत्रकारांना सांगणाऱ्यांत बिल्किस होत्या. पुढच्याच वर्षी, 15 एप्रिल 2022 ला, रमजानच्या महिन्यात त्याही गेल्या.

ईधींना सरकारी इतमामात निरोप दिला गेला, तोफगाड्यावरून. त्यांनी स्वतः मागितले होते ते फार थोडे. डोळे दान करावेत, अंगावरच्याच कपड्यांत दफन करावे, आणि ईधी व्हिलेजमध्ये अनेक वर्षांपूर्वी स्वतःसाठी खोदून ठेवलेल्या कबरीत ठेवावे. तसे झाले.

माझ्या शाळेतली ती मुलगी यंदा सातवीत आहे. महाराष्ट्रात 1 मे 2024 नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव सक्तीचे झाले, तिचा जन्म त्याआधीचा. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तिने मला विचारले, "आपा, रेघ मारूं?" मी म्हटले, पालकाच्या जागी अम्मीचे नाव लिही. तिने लिहिले, वळणदार उर्दूत. अर्ज मराठीत हवा होता, म्हणून मग खाली पुन्हा एकदा मराठीत लिहिले.